विचारा की! : पुलमनला कुणी घेतलंच नाही

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की आमच्या गावाला फुटबॉलवाल्यांनी वाळीत टाकलंय, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी पाककृतीच्या आणि व्हिसाच्या प्रश्नांना सुट्टी. नवीन वाचकांसाठी सांगते, मी राहते पुलमनला, वॉशिंग्टन राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, तीसेक हजार वस्तीचं गाव, चहूबाजूंनी गव्हाच्या आणि मसुराच्या टेकड्या, सिएटलहून गाडीने पाच तास. नवरा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आहे. आणि हो, खाली जिथे जिथे फुटबॉल म्हटलंय तो अंडाकृती बॉलचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. कोल्हापूरकरांनी रागावू नये, त्यांचंही पत्र घेतलंय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा ऑगस्टमध्ये तुमच्याच वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीला एमएसला आलाय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, आपल्या कॉलेजला कॉन्फरन्सने सोडलंय." मला वाटलं कसली तरी मान्यताच गेली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्याच्या डिग्रीचं काय होणार? — एक आई, नाशिक

काकू, आधी शांत झोपा. डिग्रीला काहीही झालेलं नाही. कॉन्फरन्स म्हणजे खेळापुरता गट, दहा-बारा युनिव्हर्सिट्या एकत्र येतात, आपसात मॅचेस खेळतात, आणि खरी गोम म्हणजे त्या मॅचेसचे टीव्ही राइट्स एकत्र विकून पैसे वाटून घेतात. शिक्षणाशी संबंध शून्य. पण मुलगा जे म्हणाला ते शंभर टक्के खरं आहे, आणि इथे त्यावर माणसं अजून हळवी होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलची कुठली मॅच टीव्हीवर दाखवायची हे एनसीएए नावाची मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी वगैरे मंडळी कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की ही मक्तेदारी चालणार नाही, ज्याचे त्याने राइट्स विकावेत. (विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते जस्टिस बायरन व्हाइट, ते स्वतः तरुणपणी नावाजलेले फुटबॉलपटू, त्यांना बहुतेक पुढचं सगळं दिसलं असावं.) तिथून टीव्हीचा पैसा वाढत गेला आणि गट फुटायला लागले. आपल्याकडे पक्ष फुटतात ना तसेच, फक्त इथे रिसॉर्टऐवजी झूम मीटिंग असते.

आमचा गट पॅक-१२, पश्चिम किनाऱ्यावरचा, मूळ १९१५ चा. त्यात लॉस एंजेलिसच्या दोन युनिव्हर्सिट्या होत्या, यूएससी आणि यूसीएलए. ३० जून २०२२ ला त्या दोघींनी जाहीर केलं की आम्ही चाललो बिग टेनमध्ये. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो वगैरे अमेरिकेच्या मधल्या भागातला गट, त्यांचा त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस, एनबीसीबरोबर सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार झाला. लॉस एंजेलिस गेलं म्हणजे आमच्या गटाची अर्धी टीव्ही-किंमत गेली. तरी उरलेले दहा जण चांगला भाव मिळेल या आशेवर बसून राहिले. तेवढ्यात ऑक्टोबरमध्ये बिग १२ ने (नावात १२, टीम कधी दहा कधी सोळा, त्याचं काही विचारू नका) मधेच घुसून ईएसपीएन आणि फॉक्सबरोबर वर्षाला एका कॉलेजमागे साधारण ३ कोटी १७ लाख डॉलरचा सौदा करून टाकला. आता चॅनलवाल्यांकडे आमच्यासाठी पैसे कुठले उरणार. वर्षभर घोळ घालून शेवटी हातात आली ॲपलची ऑफर, बातम्यांनुसार वर्षाला कॉलेजमागे २ कोटी ३० लाखांच्या आसपास, आणि पुढचं सगळं किती लोक सबस्क्रिप्शन घेतात त्याच्यावर.

२७ जुलै २०२३ ला कोलोराडो गेलं. आणि मग ४ ऑगस्ट, शुक्रवार. त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी ॲपलच्या कागदावर सह्या करायच्या असं ठरलेलं होतं म्हणे. माझ्या शेजारी एक रिटायर्ड शेतकरी आजोबा राहतात, कॉलेजची लाल टोपी त्यांच्या डोक्यावरून फक्त झोपताना उतरत असेल. कापणीचे दिवस, हवेत सगळीकडे गव्हाचा भुसा, आणि हे आजोबा पिकअपचं दार उघडं टाकून रेडिओ लावून ड्राइव्हवेत बसलेले. मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होते. म्हणाले, वॉशिंग्टन (म्हणजे सिएटलची युनिव्हर्सिटी, आमची नव्हे) गेलं. ऑरेगन गेलं. थोड्या वेळाने परत मी बाहेर आले तर म्हणाले, ॲरिझोनावाले दोन्ही गेले, युटा पण. मी म्हटलं मग आपण? ते काही बोलले नाहीत, रेडिओ बंद करून आत गेले. एवढ्या वर्षांत दुपारी त्यांना घरात जाताना मी तेव्हाच पाहिलं.

१ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलेसुद्धा गेले, तेही कुठे, एसीसीमध्ये, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकचं सभासदत्व, भूगोलाच्या बाईंनी कान पकडला असता. बारापैकी उरले दोन : आमचं वॉशिंग्टन स्टेट आणि कोर्व्हालिसचं ऑरेगन स्टेट.

आणि हे दोघे काही तळातले भिडू नव्हते हो. २३ सप्टेंबर २०२३ ला या दोघांचीच मॅच पुलमनला झाली, तेव्हा दोन्ही टीम देशातल्या पहिल्या पंचवीसांत होत्या. आम्ही ३८-३५ जिंकलो. मी स्टेडियममध्ये होते, शेजारची मुलगी रडत होती आणि मला कळेना की जिंकलो म्हणून की काय म्हणून.

पुढे व्हिटमन काउंटीच्या कोर्टात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, केस झाली की गटाची तिजोरी कुणाच्या ताब्यात, जाणाऱ्या दहांच्या की राहिलेल्या दोघांच्या. निकाल दोघांच्या बाजूने लागला, राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही, आणि तडजोडीत जाणाऱ्यांना मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडावे लागले. म्हणजे घर फुटलं, पण घराच्या चाव्या आमच्याकडे. २०२४ आणि २०२५ असे दोन सीझन आम्ही दोघांचाच गट चालवला, २०२५ मध्ये तर एकाच सीझनमध्ये एकमेकांशी दोनदा खेळलो, दुसरं कोण होतं खेळायला.

मुलाला म्हणावं अभ्यास कर आणि शनिवारी मॅच बघ. आणि "गो कूग्स" म्हणायला शिक (कूग्स म्हणजे कूगर्स, आमची टीम), इथे तो नमस्कार आहे, दुकानात, विमानतळावर, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा.

प्रश्न : तुमचं रडगाणं वाचलं. आम्ही रटगर्सवाले, आम्ही बिग टेनमध्ये आहोत कारण आम्ही मोठे आहोत. खेळात चांगलं असाल तर कुणीही घेईल, नसाल तर घरी बसा. मार्केट आहे शेवटी. — एडिसन, न्यू जर्सी

काका, इतिहासात तुमचा मान मोठा, १८६९ मध्ये पहिली कॉलेज फुटबॉल मॅच रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये झाली आणि तुम्ही जिंकलात. पण २०१४ मध्ये बिग टेनने तुम्हाला घेतलं ते त्या विजयासाठी नाही! न्यू यॉर्कच्या आसपासच्या लाखो घरांच्या केबलच्या बिलात त्यांच्या चॅनलचे पैसे लागावेत म्हणून घेतलं, आणि हे काही गुपित नाही, तेव्हा सगळे उघड बोलत होते. मेरीलँडलाही त्याच वर्षी घेतलं, ते वॉशिंग्टन डीसी आणि बाल्टिमोरच्या टीव्हींसाठी.

"मार्केट आहे" हे तुमचं वाक्य मात्र बरोबर, फक्त मार्केट म्हणजे टीम नाही, मार्केट म्हणजे टीमच्या आसपास किती टीव्ही आहेत ते. आमच्या आसपास गहू आहे. आम्ही 'रोझ बोल' या मानाच्या मॅचला दोनदा गेलो गेल्या तीस वर्षांत, २०१८ ला अकरा मॅचेस जिंकलो, तुमचा रेकॉर्ड मी इथे छापत नाही, दिवाळी अंक जवळ आलाय. यूजीन आणि कोर्व्हालिसमध्ये अंतर किती, जेमतेम ६५ किलोमीटर, नाशिक-सिन्नरच्या दुप्पट धरा. यूजीनच्या ऑरेगनच्या मागे नाइकीचे फिल नाइट उभे, ते गेले बिग टेनमध्ये. कोर्व्हालिसच्या ऑरेगन स्टेटने त्याच दोन वर्षांत काय वाईट खेळ केला होता? काहीच नाही.

आणि एक गंमत. टेक्सासचं एसएमयू बघा. १९९६ मध्ये जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली तेव्हा मोठे चौघे बिग १२ मध्ये गेले आणि एसएमयू बाहेर राहिलं. सत्तावीस वर्षांनी एसीसीने दार उघडलं तर हे म्हणाले, नऊ वर्षं तुमच्या टीव्हीच्या पैशातलं आम्हाला काही नको, फक्त आत घ्या. त्यांच्याकडे डॅलसचे तेलवाले देणगीदार आहेत, आठवड्याच्या आत दहा कोटी डॉलर गोळा केले, पहिल्याच वर्षी प्लेऑफपर्यंत, म्हणजे देशाच्या विजेतेपदाच्या बाद फेरीपर्यंत गेले. आता हुंडा देऊन मुलगी खपवल्यासारखं दिसतं ते, पण ज्याच्याकडे द्यायला आहे त्याने दिलं. आमच्या आजोबांकडे ट्रॅक्टर आहे.

प्रश्न : भांडण फुटबॉलचं, मग व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींनी देशभर विमानं का धरायची? आमच्या ओळखीची एक मुलगी बर्कलेला खेळते, बिचारी विमानतळावरच असाइनमेंट सबमिट करते. — फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

याचं उत्तर द्यायला मला स्वतःलाच लाज वाटते, पण कारण एवढंच की सभासदत्व सगळं मिळून असतं आणि पैसा फुटबॉल आणतं, म्हणून फुटबॉल जिथे जाईल तिथे बाकीची वरात मागे. फुटबॉलची टीम आठवड्यातून एकदा खेळते, शनिवारी, चार्टर विमान, सीझनमध्ये पाच-सहा वेळा बाहेर. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल यांच्या मॅचेस कितीतरी जास्त, आणि त्या मधल्या वारीसुद्धा, मग साधी विमानं, कनेक्शन चुकणं, तीन तासांचा वेळेचा फरक. पूर्वी बर्कलेची पोरगी स्टॅनफर्डला, लॉस एंजेलिसला, फार तर कोलोराडोला जायची. आता बॉस्टन, सिरॅक्यूज, मायामी. यूसीएलएवाल्यांना तुमच्या एडिसनच्या काकांकडे, लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी जवळजवळ चार हजार किलोमीटर.

बर्कलेला तर दोन्हीकडून मार. एसीसीत पहिली सात वर्षं त्यांना आणि स्टॅनफर्डला पूर्ण वाटा नाही, तीस टक्क्यांच्या आसपासच. म्हणून मग कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या रीजंट्सनी (म्हणजे नियामक मंडळाने, बर्कले आणि यूसीएलए दोन्ही त्यांच्याच) २०२४ मध्ये यूसीएलएला सांगितलं की तू सोडून गेलीस, आता थोरल्या बहिणीला वर्षाला एक कोटी डॉलर दे. लोकांनी त्याला पोटगी म्हणायला सुरुवात केली, आणि दुसरा शब्द तरी कुठला बसतो.

आमच्याकडे वेगळं दुखणं. विमानं वाचली, बाकीचे खेळ दोन वर्षांसाठी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये ठेवले, ते बरं झालं. पण टीव्हीचा चेक आटला. आणि २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली, तिच्यामुळे कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना मिळायलाच हवेत, त्याबद्दल माझं दुमत नाही, पोरं डोकी फोडून घेतात. पण द्यायचे कुठून? त्याच महिन्यात आमच्या युनिव्हर्सिटीने ॲथलेटिक्समधले फील्ड इव्हेंट्स बंद केले. उड्या, फेक, सगळं. स्प्रिंट आणि हर्डल्स अगदी कमी. लांब पल्ल्याचं धावणं तेवढं ठेवलं. आता हे ते कॉलेज जिथे हेन्री रोनो नावाचा केनियाचा मुलगा शिकत होता आणि १९७८ मध्ये ८१ दिवसांत त्याने चार जागतिक विक्रम मोडले. त्यामुळे धावणं ठेवलं हे समजू शकते, तरी भालाफेकीच्या मुलीला काय सांगायचं? ती काही बिग टेनमध्ये कोण गेलं हे ठरवायला बसली नव्हती. आमच्या ग्रोसरीच्या दुकानात कॅशवर एक मुलगी असते, थाळीफेकवाली, दंड बघितले की कळतं. जून संपताना मी तिला काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मग आता? म्हणाली पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकलंय, आणि माझी मसूरडाळ स्कॅन केली. ती डाळ याच टेकड्यांवरची होती.

प्रश्न : नमस्कार ताई, मी कोल्हापूरचा, फुटबॉल म्हणजे आमच्या रक्तात, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की शाहू स्टेडियमच्या बाहेर पण पाय ठेवायला जागा नसते. तुमचा तो अंड्याचा फुटबॉल आपल्याला कळत नाही, पण एक सांगा, बारकी टीम जिंकत गेली तर वरच्या गटात जाणार, हारली तर खाली येणार, सरळ हिशोब आहे की. तिथं तसं का नाही? — पेठेतला एक प्रेक्षक

भाऊ, तुम्ही जे एका ओळीत विचारलंत तेच विचारायचं इथे कुणाला सुचत नाही. तसं नाहीच इथे! वर जायचं असेल तर जिंकून उपयोग नाही, वरच्यांनी बोलवावं लागतं. खाली मात्र न हरताही जाता येतं.

आमच्यापासून १३ किलोमीटरवर राज्याची हद्द ओलांडली की मॉस्को लागतं, रशियाचं नव्हे, आयडाहोचं. तिथे आयडाहो युनिव्हर्सिटी. हे आयडाहो एकेकाळी आमच्याच जुन्या पॅसिफिक कोस्ट गटात होतं. १९५९ मध्ये तो गट मोडला, कॅलिफोर्नियाच्या चौघांनी आणि वॉशिंग्टनने नवा मांडला, आम्हाला १९६२ मध्ये घेतलं, दोन्ही ऑरेगनना १९६४ मध्ये, आयडाहोला कधीच नाही. मग ते बिचारे या गटातून त्या गटात, शेवटी सन बेल्टमध्ये, म्हणजे जॉर्जिया-लुइझियानाकडच्या दक्षिणेच्या गटात, बर्फाच्या गावची टीम सूर्याच्या पट्ट्यात! त्या गटाने नको म्हटल्यावर २०१८ मध्ये आयडाहो वरच्या पातळीवरून आपणहून खालच्या पातळीवर उतरलं. असं करणारं ते पहिलंच कॉलेज. त्यांचं स्टेडियम बंदिस्त, गोल छपराचं, सोळा हजारांचं.

तेव्हा पुलमनमध्ये लोक हसले होते, मीही त्यांच्यातली. आमच्याकडे जेवायला आलेला एक मॉस्कोचा मित्र तेव्हा म्हणाला होता, हसा, तुमच्या आणि आमच्यामध्ये फक्त आठ मैल आहेत. ते मला ४ ऑगस्टला आठवलं.

पण खाली गेल्यावर आयडाहो मेलं नाही हेही सांगते, उलट मोंटाना, ईस्टर्न वॉशिंग्टन अशा जवळच्या टीमशी मॅचेस व्हायला लागल्या, लोक गाड्या करून जायला लागले, तुमच्या पेठांसारखी खुन्नस परत आली. हे ऐकून पुलमनमधले काहीजण म्हणतात आपणही जावं तिकडे, आणि बाकीचे त्यांच्याशी आठवडाभर बोलत नाहीत.

प्रश्न : मोठी कॉलेजं छोट्या कॉलेजांना पैसे देऊन हरायला बोलावतात हे खरं का? म्हणजे मॅच फिक्सिंग? — ठाणे

फिक्सिंग नाही. या आणि आमच्या मैदानात खेळा, एवढ्याचे पैसे, हरा म्हणून कुणी सांगत नाही, ते न सांगता होतं. मोठ्यांना घरच्या मैदानावर एक सोपी मॅच आणि भरलेलं स्टेडियम मिळतं, छोट्यांचं वर्षभराचं बजेट निघतं. आणि कधीकधी मजा होते. २००७ मध्ये मिशिगनने ॲपलाचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं, एक लाखाच्या वर प्रेक्षक, आणि पाहुणे ३४-३२ ने जिंकून चेक खिशात घालून घरी गेले. २०२४ मध्ये नोत्र दामने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर दिले आणि १६-१४ ने हरले. आता मोठे गट सोळा-अठरा टीमचे झालेत, आपसातच जास्त मॅचेस खेळायला लागले तर ही आमंत्रणं कमी होणार अशी भीती आहे, आणि ती मला खरी वाटते.

प्रश्न : तुमचं सगळं वाचलं, डोळ्यांत पाणी वगैरे. पण ताई, तुमच्याच पॅक-१२ ने आमच्या माउंटन वेस्ट गटाचं काय केलं ते नाही लिहिलंत. आम्ही न्यू मेक्सिकोवाले. आमचे पाच जण पळवलेत तुम्ही. — अल्बुकर्की

बसला. सुनेची सासू झाली की ती जास्त छळते, तसं झालंय ते. २०२४ चा सीझन आमच्या दोघांना खेळायला टीमच नव्हत्या तेव्हा माउंटन वेस्टने प्रत्येकी सहा मॅचेस दिल्या, १ कोटी ४० लाख डॉलर घेऊन का होईना. आणि त्यांना आमची नियत माहीत होती म्हणून करारात लिहून घेतलं की आमची टीम पळवलीत तर दंड. १२ सप्टेंबर २०२४ ला, सीझन धड सुरूही झाला नव्हता, आम्ही चार पळवल्या : बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट. मग युटा स्टेट. दंडाचा आकडा साडेपाच कोटी झाला, तेव्हा आमचे लोक कोर्टात जाऊन म्हणतात हे कलमच बेकायदेशीर. अहो पण सही कुणी केली होती? मी गावात हे बोलले तर मला युनिव्हर्सिटीच्या डेअरीचं चीज मिळणार नाही, म्हणून इथे लिहिते.

पुढे टेक्सास स्टेट आणलं सन बेल्टमधून. मग सन बेल्टला एक भिडू कमी पडला, त्यांनी कॉन्फरन्स यूएसएमधून लुइझियाना टेक उचललं. तुमच्या माउंटन वेस्टने त्याच कॉन्फरन्स यूएसएमधून एल पासोचं यूटेप घेतलं. आणि कॉन्फरन्स यूएसए खालच्या पातळीवरून डेलावेअर आणि मिझुरी स्टेटला वर घेऊन बसलंय. संगीत खुर्ची, फक्त गाणं टीव्हीवाले वाजवतात. खालून वर यायची फी पूर्वी ५ हजार डॉलर होती, २०२३ पासून ५० लाख. तरी रांग आहे.

खेळाडूंचंही तेच. कॅम वॉर्ड नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, त्याला हायस्कूलमधून जवळजवळ कुणीच विचारलं नाही, सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड नावाच्या छोट्या कॉलेजने घेतलं. तिथून आमच्याकडे आला, आम्ही केवढे खूश, त्या कॉलेजचं काय झालं असेल हे पुलमनमध्ये एकाच्याही मनात आलं नाही. दोन वर्षांनी तो आमच्याकडून मायामीला गेला, २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडीत, देशात पहिला. त्याच्या जागी मटीर नावाचा मुलगा उभा राहिला, तो वर्षभरात ओक्लाहोमाला. कोचही गेला. आम्ही नर्सरी झालोय, रोपं तयार करायची आणि गाडी आली की भरून द्यायची.

एक मात्र तुमच्यासाठी. प्लेऑफ १२ टीमचा झाल्यापासून छोट्यांनाही एक फट आहे : २०२४ ला बॉइझी स्टेट आत होतं, २०२५ ला टुलेन आणि जेम्स मॅडिसन दोघंही. दोघं पहिल्याच फेरीत बाहेर, आणि लगेच टीव्हीवर चर्चा सुरू की यांना घ्यायचंच कशाला. जेम्स मॅडिसनचा कोच तर तोवर यूसीएलएने ठरवूनही टाकला होता.

प्रश्न : आम्ही बेलव्ह्यूहून नोव्हेंबरमध्ये पुलमनला यायचं म्हणतोय, मुलांना मॅच दाखवायची आहे. येण्यासारखं राहिलंय का काही? ॲपल कप तर आता तेव्हा नसतो ना? — एक सहकुटुंब

नसतो. वॉशिंग्टनशी आमची मॅच १९०० पासूनची, थँक्सगिव्हिंगच्या आसपास व्हायची, बर्फात, पोरं सुट्टीला घरी जायच्या आधी. आता ते बिग टेनमध्ये गेल्यामुळे ती सप्टेंबरात उरकतात, टी-शर्टवर. २०२४ ला आम्ही सिएटलला जाऊन २४-१९ ने जिंकलो. २०२५ चं विचारू नका.

पण नोव्हेंबरात या की. २०२६ पासून नव्या पॅक-१२ च्या मॅचेस असतील, आठ फुटबॉलच्या टीम, तिकिटं सिएटलच्या मानाने स्वस्त. स्नोक्वाल्मी पासच्या घाटात टायरना चेन लागतील का ते आधी बघा. हॉटेल मॉस्कोला घ्या, पुलमनला शनिवारी मिळणार नाही, अजूनही नाही मिळत, हे लिहून ठेवा. थर्मल घाला, वरून लोकरीची टोपी, थर्मास आणू देत नाहीत म्हणून चहा पार्किंगमध्येच पिऊन घ्या, तिथे कुणीतरी ग्रिल लावलेलं असतंच आणि तुम्ही नुसते उभे राहिलात तरी हातात सॉसेज देतात, शाकाहारी म्हटलं तर मक्याचं कणीस. मुलांना फर्डिनांड्सला आइसक्रीम, ते युनिव्हर्सिटीचंच डेअरीचं दुकान, आणि तिथून कूगर गोल्ड चीजचा डबा घ्या, हो, पत्र्याच्या डब्यात मिळतं, साधारण साडेआठशे ग्रॅमचा, बंद डबा फ्रिजमध्ये ठेवला तर वर्षानुवर्षं मुरतो.

आमच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये एक डबा आहे, त्यावर त्यांनी मार्करने "ऑगस्ट २०२३" लिहिलंय. कधी फोडणार विचारलं तर म्हणतात बघू. आलात तर कळवा, मी मिसळ करणार आहे त्या शनिवारी, पार्किंग लॉटमध्ये, मटकी मोड काढून आणीन, पाव तुम्ही आणा, इथले गोड असतात.